कळलावी

(खड्यानाग, अग्निशिखा, सं. लांगली, लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा, कुल – कोल्चिकेसी). पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर आणि कुंपणांवर चढणारी कंदयुक्त वेल. पानाचे टोक लांबत जाऊन वळते आणि आधाराला धरते. सहा पाकळ्या कुरळ्या काठांच्या, मागे वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. आपल्या रानफुलांत इतके देखणे फूल क्वचितच सापडेल. तमिळनाडूचे ते राज्यफूल, तर झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे.

सगळी वेल विषारी आहे. कंद आणि बिया यांत कोल्चिसीन हे अल्कलॉइड विशेष असते. पेल्त्ये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८२० मध्ये ते प्रथम वेगळे केले, पण युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतून. औषध-उद्योगाला लागणाऱ्या बियांसाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते.

कोल्चिसीन पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे सूक्ष्मनलिका तयार होत नाहीत आणि पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबते. गाऊटमध्ये (वातरक्त) सांध्यात साठलेल्या युरेटच्या स्फटिकांकडे पांढऱ्या पेशी धावतात व दाह भडकतो. कोल्चिसीनमुळे त्या पेशींची हालचाल मंदावते, म्हणून ठणका उतरतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक तापावरही ते दीर्घकाळ देतात. वनस्पती-प्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी १९३७ पासून त्याचा वापर सुरू झाला.

उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. भारतात मिळणारी गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची असते. ७ मिलिग्रॅम पोटात गेल्यानेही मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. मूत्रपिंड वा यकृत दुबळे असल्यास, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे चालू असल्यास नेहमीची मात्राही अंगावर येऊ शकते. गोळीत निदान किती औषध आहे हे ठाऊक असते. कंदात ते जागा, हंगाम आणि वय यांप्रमाणे बदलते, म्हणून घरी कंद उगाळून अंदाजाने घेणे हा जिवाशी खेळ आहे.

आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते व शोधनाशिवाय (शुद्धीकरणाशिवाय) ती वापरू नये असे सांगितले आहे. औषध-नियमांच्या ई(१) अनुसूचीतही ती विषारी द्रव्यांत आहे. बाळंतीण अडली की कंदाचा लेप तळहात, तळपाय वा बेंबीवर लावण्याची चाल गावोगाव होती. कळा आणणारी म्हणून ही कळलावी. अडलेल्या बाईला आज हवे ते वाहन आणि रुग्णालय. गर्भारपणात हा कंद कोणत्याही रूपात पोटात घेऊ नये. घरच्या शोधनानंतर विष किती उरले हे मोजायला घरात काहीच साधन नसते, आणि शिजवल्यानेही कोल्चिसीन नाहीसे होत नाही. श्रीलंकेत खाण्याचा कंद समजून तो शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्या आहेत.

लक्षणे लगेच दिसत नाहीत, हेच सर्वांत घातक. कंद पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या, पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. हगवण समजून घरीच थांबले जाते. पुढे एक ते सात दिवसांत अस्थिमज्जा, मूत्रपिंड, हृदय व श्वसन कोलमडू शकतात. पेशी जिथे झपाट्याने वाढतात तिथे घाव आधी बसतो. जे वाचतात त्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांत गळतात व पुन्हा येतात.

सहज मिळेल असा उतारा नाही, आणि डायलिसिसनेही हे विष फारसे निघत नाही. सुरुवातीच्या तासांत दिलेला सक्रिय कोळसा आणि अतिदक्षता विभागातील आधार, यांवरच भिस्त असते. म्हणून कंद खाल्ल्याची नुसती शंका असली तरी रुग्ण बरा दिसतोय म्हणून थांबू नये; उरलेला कंद वा वेलीचा तुकडा घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.