कुरवंड्याची माती आणि पिंपरीच्या टाक्या

सह्याद्रीच्या धारेवर, नागफणी कड्याच्या पाठीशी वसलेले मावळातील कुरवंडे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे ते मुख्यतः त्याच्या घाटवाटेमुळे. कारण याच वाटेने मोगल सरदार करतलबखानाची फौज कोकणात उतरली आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिची उंबरखिंडीत कोंडी केली. मोहिमा, वतने आणि जकाती यांची नोंद दप्तरांतून राहिली. परंतु ज्या मातीवरून त्या फौजा गेल्या, त्या मातीतील सूक्ष्म जीवांचा अखंड कारभार कोणत्याही दप्तरी रुजू झाला नाही. इंद्रायणीच्या उगमाशी असलेल्या या रानात दर पावसाळ्यात पाचोळा कुजतो, तो तेथील बुरशा आणि जिवाणू आपल्या शरीराबाहेर जी विकरे (एन्झाइम्स) सोडतात त्यांच्यामुळे. पानांतील सेल्युलोज, दाण्यांतील पिष्ट आणि मृत देहांतील प्रथिने यांचे ती विघटन करतात आणि विरघळलेले अन्न ते जीव शोषून घेतात. विकरनिर्मितीचा आधुनिक उद्योग म्हणजे हेच कार्य रानातून उचलून कारखान्यात शिस्तीने करवून घेण्याची विद्या होय.

सूक्ष्म जीवांना कामास लावण्याची वहिवाट आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. दुधाला विरजण लावणारी किंवा नाचणीचे पीठ आंबवून आंबील करणारी गृहिणी किण्वनच घडवीत असे; मात्र त्या भांड्यात अनेक जातींचे जीव एकत्र नांदत, आणि विकर वेगळे काढण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. ते वेगळे काढून बाजारात आणण्याचे श्रेय जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांच्याकडे जाते. गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून पिष्ट पचविणारे विकर मिळविण्याच्या रीतीचे अमेरिकन पेटंट त्यांना १८९४ साली मिळाले. पुढे बोइदँ आणि एफ्राँ या संशोधकांनी जिवाणूंपासून असेच विकर काढण्याची रीत सिद्ध केली, व ताण्याच्या सुताला दिलेली खळ विणकामानंतर धाग्यास इजा न करता काढून टाकण्यासाठी कापडधंद्याने ते स्वीकारले.

तथापि टाक्यांतून प्रचंड प्रमाणावर किण्वन करण्याची खरी कसोटी लागली ती पेनिसिलिन या प्रतिजैविकाच्या निमित्ताने. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर आढळलेल्या बुरशीपासून पेनिसिलिन उद्योगातील बहुतेक वाण पुढे निपजले. बाजारातल्या एका फळावरील डागाने जगाच्या औषधशास्त्राला बियाणे पुरविले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ साली औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह स्थापन झाला, आणि १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली.

अशा कारखान्याचे काम जवळून पाहिले म्हणजे त्यातील सावधगिरी ध्यानात येते. तोंड वितळवून बंद केलेल्या बोटाएवढ्या काचेच्या कुपीत गोठवून सुकविलेल्या वाणाची चिमूटभर पूड असते; ती प्रथम परीक्षानळीत, नंतर चंबूत, नंतर बीजटाकीत आणि अखेरीस पोलादी महाटाकीत वाढविली जाते. तेथे पंखे अहोरात्र फिरतात, खालून निर्जंतुक हवेचे बुडबुडे सोडले जातात, फेस दाबला जातो, तापमान व आम्लता सतत तपासली जाते. आणि एवढे करूनही एखादा परका जिवाणू आत शिरला, तर तो पेनिसिलिनेज हे विकर निर्माण करून टाकीतील सगळ्या पेनिसिलिनचा नाश करू शकतो.

जे विकर शत्रू ठरते त्याच्याच वर्गातील दुसरे एक विकर पुढे मित्र झाले. पेनिसिलिनचा रेणू नेमक्या ठिकाणी छेदून अँपिसिलिनादी औषधांचा गाभा मिळविण्यासाठी रासायनिक रीतीत शून्याखाली ४० अंशांच्या आसपासची थंडी आणि उग्र द्रव्ये लागत. इशेरिशिया कोलाय या जिवाणूचे पेनिसिलिन ॲसिलेज हे विकर तेच काम कोमट पाण्यात करते, आणि आधारद्रव्यावर बांधून ठेवल्यास पुन्हा पुन्हा करते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आणि पिंपरीच्या कारखान्यातील संशोधकांनी या विकरावर दीर्घकाळ परिश्रम केले. टाक्या, हवा आणि शुद्धता यांची जी शिस्त प्रतिजैविकांनी शिकविली, तीच विकरांच्या उद्योगास उपयोगी पडली. आज सिन्नरसारख्या ठिकाणी खाजगी कारखान्यांतूनही विकरे तयार होतात.

पिंपरीतच हॅमायसिन हे बुरशीनाशक ज्या जिवाणूपासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या नावात, पिंपरी कायमची कोरली गेली. यंत्रे परदेशातून आणता येतात. बियाणे मात्र निसर्गातून, बहुधा मातीतून, शोधावेच लागते, हा या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावागावांतील स्थानिक संस्थांवर आपल्या जैवसंपत्तीची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्या संपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभात वाटा मागण्याची वाटही दाखविली आहे. लोणावळ्याच्या भोवतालचे डोंगर बांधकामासाठी झपाट्याने फोडले जात असताना, कुरवंड्यासारख्या गावांच्या नोंदवहीत वृक्ष आणि पक्षी यांच्याबरोबर तेथील मातीतील बुरशा व जिवाणू यांचाही समावेश व्हावा, त्यांचे नमुने राष्ट्रीय संग्रहात पोहोचावेत, आणि हे कार्य महाविद्यालयांनी गावकऱ्यांच्या संमतीने हाती घ्यावे. कारण एकदा खरवडून नेलेल्या मातीबरोबर कोणते बियाणे गेले, हे नंतर कोणत्याही प्रयोगशाळेस सांगता येणार नाही.