गुन्हेशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि दुर्बलांचे संरक्षण

गुन्हेशास्त्र म्हटले की बोटांचे ठसे, रक्ताचे नमुने आणि चतुर तपास अधिकारी डोळ्यांसमोर येतात. वास्तविक तो प्रांत न्यायवैद्यक शास्त्राचा. गुन्हेशास्त्राचे प्रश्न निराळे आहेत : गुन्हा का घडतो, त्याला बळी कोण पडते आणि तो घडण्यापूर्वी धोका ओळखता येतो काय? तिसऱ्या प्रश्नातूनच जोखीम आणि दुर्बल व्यक्तींचे संरक्षण हे विषय या अभ्यासाला जोडले गेले.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे प्रमुख केंद्र म्हणजे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात गुन्हेशास्त्र व न्याय हा विषय शिकविला जात आला आहे. मात्र तिची खरी ओळख वर्गाबाहेरच्या कामाची. मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये सुरू झाला. कैदी आणि कोठडीतील व्यक्तींसाठी काम करणारा 'प्रयास' १९९० मध्ये आला. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून उभी राहिली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालते.

या विद्येचे मोल कशात आहे, हे बिहारमधील मुझफ्फरपूरच्या प्रकरणात दिसले. संस्थेच्या 'कोशिश' प्रकल्पाने बिहारमधील ११० आश्रयगृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. २०१८ मध्ये सादर झालेल्या त्या अहवालाने मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार उजेडात आणले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले व पुढील महिन्यात मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. आश्रय देण्यासाठी उभारलेली जागाच धोक्याची ठरू शकते, हे केवळ नोंदवह्या तपासून कळत नाही. त्यासाठी राहणाऱ्यांशी बोलता यावे लागते, आणि ते शिकावे लागते.

धोका ओळखण्याचे हे काम कायद्यानेही अपेक्षिले आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची कौटुंबिक व सामाजिक स्थिती पंधरा दिवसांत तपासून परिविक्षा अधिकाऱ्याने अहवाल द्यावयाचा असतो. सोळा वर्षांवरील बालकावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाला त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. घाईने लिहिलेला एक परिच्छेद एखाद्या मुलाचे आयुष्य ठरवू शकतो.

शहरी वाचकांना हा विषय कोठडी आणि आश्रयगृहांपुरता वाटेल. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यातील गावी तो निराळा भेटतो. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे शिवारात कोप्या घालून राहतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, तोडणीला पती-पत्नीची जोडी म्हणजे 'कोयता' लागतो, आणि पहाटे आई-वडील फडात गेले की मुली कोपीवर एकट्या उरतात. अल्पवयीन मुलीचे लग्न लवकर उरकण्यामागे ही भीती असते, तशीच नवा कोयता तयार करण्याची गरजही. येथे गुन्हा नोंदविण्याआधी बरेच काही करता येते : पाळणाघर, शाळेत तात्पुरता प्रवेश, वेळेवर चौकशी. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे असते. पण कागदपत्रांच्या गराड्यात त्याला फडापर्यंत पोहोचण्यास सवड किती, हा प्रश्नच आहे.

या शिक्षणानंतर परिविक्षा सेवा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, महिलांसाठीची 'सखी' केंद्रे, कारागृहे व स्वयंसेवी संस्था येथे काम मिळू शकते. यातील बरीच पदे कंत्राटी असतात आणि वेतन मोठे नसते, हे आधीच जाणून घ्यावे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळता येते. टाटा संस्थेत त्यासाठी सीयूईटी-पीजी परीक्षेचे गुण विचारात घेतले जातात. विषयांची रचना बदलत असल्याने त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा. न्यायवैद्यक अंगाकडे ओढा असणाऱ्यांसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ हा पर्याय २०२० पासून उपलब्ध आहे.