आर्थिक भूमिका व जबाबदाऱ्यांचे शिक्षण (माध्यमिक स्तर)

रोजच्या व्यवहारात माणूस ग्राहक, उत्पादक, कामगार, बचतदार, कर्जदार आणि करदाता अशा अनेक नात्यांनी वागतो. या नात्यांतील हक्क व कर्तव्ये नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना समजावून देणारे हे शिक्षण आहे. अकरावीला विज्ञान शाखा घेणाऱ्यांच्या वाट्याला अर्थशास्त्र सहसा येत नाही आणि काहींचे शिक्षण दहावीतच थांबते. त्यामुळे हे शिक्षण सर्वांना मिळण्याची हमी याच टप्प्यावर देता येते.

अभ्यासक्रमातील स्थान : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार तयार झालेल्या दहावीच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पैसा व पतपुरवठा आणि ग्राहक हक्क यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पतपुरवठ्याच्या प्रकरणात दोन कर्जदार भेटतात : कर्ज काढून बुटांची मागणी पुरी करणारा आणि नफा मिळवणारा सलीम, किडीने भुईमूग गेल्याने कर्जात रुतलेली स्वप्ना. कर्ज तारते की बुडवते, हे उत्पन्नाची शाश्वती, व्याजदर आणि तारण यांवर ठरते, हे त्यातून उमगते. महाराष्ट्रात बालभारतीच्या नववी व दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण असून त्यात बचत, प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर आणि शेअर्स यांची आकडेमोड येते.

भूमिका व कायदा : ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. ग्राहक जागरूकता हा त्यातील एक हक्कच आहे. पावती घेणे, वेष्टनावरील किंमत व मुदत वाचणे आणि फसवणूक झाल्यास तक्रार करणे ही ग्राहकाची त्याला जोडून येणारी जबाबदारी. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीच्या चळवळीने १९७० च्या दशकापासून ही जाणीव रुजवली. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ ते १८ वयोगटातील किशोरांना धोकादायक कामांवर ठेवण्यास बंदी घातली. सुटीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही तरतूद ठाऊक असलीच पाहिजे. कराच्या बाबतीत तो आधीच भागीदार आहे, कारण कर लागू असलेली वस्तू विकत घेताना तोही वस्तू व सेवा कर भरतो. म्हणून सार्वजनिक खर्चाचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याचाही आहे.

अध्यापनपद्धती : ‘संचयिका’ या शालेय बचत योजनेत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीच पैसे जमा करून घेत व खातेवही लिहीत. दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी पेलण्याचा तो थेट अनुभव होता. घरखर्चाची महिनाभराची नोंद, वीजबिलाचे वाचन, आठवडी बाजारातील भावांची तुलना आणि बचत गटाच्या सदस्यांशी संवाद हे उपक्रम कमी खर्चात करता येतात. मात्र नोंदींसाठी घराचे उत्पन्न वर्गात उघड करायला लावू नये. काल्पनिक कुटुंबाचा हिशेब घ्यावा.

मर्यादा : आकडेमोड गणितात आणि हक्क सामाजिक शास्त्रांत, अशी विभागणी झाल्याने व्याज काढता येणारा विद्यार्थीही कर्जाचा करार वाचायला शिकत नाही. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र पाठ घेणे हा त्यावरचा उपाय आहे.