समुद्रावर कामास आलेल्या खलाशांचीं स्मारकें

युद्धकाळीं समुद्रावर कामास आलेल्या व्यापारी जहाजांवरील खलाशास थडगें नसतें. मागें राहतें तें नांवच. म्हणून अशा स्मारकावर काय कोरलें आहे, हें आम्ही आधीं पाहतों.

लंडनच्या टॉवर हिलवर लट्येन्सनें रचलेला मंडप १९२८ सालीं उघडला. त्यावर पहिल्या महायुद्धांतील सुमारें १२,००० नांवें जहाजवार आहेत. उलट, कोलकात्यास हुगळीकांठीं १९२४ सालीं जें स्मारक उघडलें, त्याच्या लेखांत बंगाल, आसाम व उत्तर हिंदुस्थान येथील ८९६ खलाशी गेले, इतकाच आकडा आहे. शिल्पदृष्ट्या आम्हांस तेंच अधिक आवडतें. पण आकड्यावरून कोणाचें घर सांपडत नाहीं.

मुंबईची गोष्ट निराळी. मशीद बंदराजवळील नाविकगृहांत पहिल्या युद्धांतील दोन हजारांवर नांवें आहेत. दुसऱ्या युद्धाच्या नामावलींत सहा हजारांवर नांवें असून तिची एक प्रत येथें व दुसरी चितगांवच्या युद्धस्मशानभूमींत आहे. पूर्व बंगालचे खलाशीही पुष्कळ होते.

मुंबईस भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीकडील मुसलमान पुष्कळ, तर खानपानाकडे बहुधा गोवेकर. सारंग, तांडेल हे त्यांचे हुद्दे आरमारी कागद वाचणारांस ओळखीचेच आहेत. मात्र परक्या लिपींतून गेलेल्या नांवावरून गांव व घराणें ठरविणें कठीण. त्याची किल्ली कोंकणांतल्या पेट्यांत असावी : जहाजावरील नोकरीचे दाखले, घरीं आलेलीं पत्रें, मनिऑर्डरीच्या पावत्या. दप्तरें धुंडाळण्यास त्या किनाऱ्यावर जाणाऱ्या संग्राहकांनीं सनदांबरोबर हींही बाडें उघडावीं व नकला आम्हांकडे धाडाव्या.