मेण गेलं, साचा फुटला, घाट कुठे राहिला?

आपण संग्रामपूरकर चांदी घ्यायची म्हटली की खामगावची वाट धरतो. खामगावला रजतनगरी म्हणतात. आज मात्र आपल्याला दुकानाच्या मागे, मुशीपाशी जायचंय, आणि तेही नऊशे वर्षं मागे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. काळ साधारण इ. स. ११२९. त्यात मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. मूर्ती आधी मेणाची करायची. तिला धोत्र्याच्या फुलासारख्या नळ्या जोडायच्या. तूस जाळून, कापूस आणि मीठ घालून वाटलेल्या मातीचे थर द्यायचे, सावलीत वाळवायचे. मग तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. चांदी किती घ्यायची? मेणाच्या बारा पट.

हा आकडा आपण तपासून पाहू. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, मेण पाण्याहून किंचित हलकं. म्हणजे प्रमाण येतं अकराच्या आसपास. बारा पट घेतली की रस कमी पडत नाही. कमी पडला तर मेणही गेलं, साचाही गेला आणि मेहनतही.

आता आजचा कारखाना बघा. दागिना संगणकावर त्रिमितीत घडतो, प्रिंटर तो मेणात किंवा राळेत छापतो. असे अनेक नग एका दांड्यावर जोडून ‘झाड’ करतात, भोवती प्लास्टर ओततात, भट्टीत मेण जाळतात आणि धातू ओततात. चांदीचं वजन? आकारमान गुणिले घनता. म्हणजे हिशोब जुनाच.

मग बदललं काय? पूर्वी साचा फोडल्याशिवाय नग निघत नसे. पुन्हा तसाच हवा तर पुन्हा तो हातच लागे. आता फाइल मागे राहते.

आपल्या घरातले जुने तोडे, वाळे, गोठ मात्र मोडीत जातात. मोड घेणारा चांदीचा भाव देतो, घाटाचा नाही. यातले कित्येक ठोकून, तार ओढून घडवलेले, ओतीव नव्हेत. त्यांचा नुसता आकार फाइलमध्ये उतरेल, ठोक्याची जाण उतरणार नाही, हे आपण मान्य करू. पण मुशीत गेलं की आकारही उरत नाही.

म्हणून एवढं करू या. आजीचे तोडे मोडायला नेण्याआधी शेजारी फूटपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढू, वजन लिहून ठेवू आणि ते कसे घडवले जायचे, हे गावातल्या जुन्या सोनाराला विचारून घेऊ.