अँबी की फियाट?

मराठवाड्यात जुन्या पिढीतल्या चार जणांपुढे हा प्रश्न टाकून बघा. पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात! आता आपण पडलो इंजिनिअर, तेव्हा आधी आकडे बघू.

अँबेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्सने 1957 च्या सुमारास बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती बनवायला घेतली. फियाट मात्र आपल्या मुलखातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथे 1964 पासून इटलीची फियाट 1100 डी बनू लागली. 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच.

आता परफॉर्मन्स. अँबीचं इंजिन 1489 सीसी, ताकद सुमारे 50 हॉर्सपॉवर. फियाटचं 1089 सीसी, ताकद सुमारे 40. कागदावर अँबी जिंकली. पण अँबीचं वजन 1100 किलोच्या पुढे आणि फियाटचं 900 च्या आसपास. भागाकार करून बघा, किलोमागे ताकद जवळजवळ सारखीच! वर फियाट लांबीला फूटभर आखूड. गल्लीबोळात वळवायला, पार्क करायला सोपी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला उगाच नाही डोक्यावर घेतलं.

पण जालन्याचं गणित वेगळं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. अधिकाऱ्यांना भोकरदन, परतूर, अंबड असा दौरा करायचा म्हणजे मुख्य रस्ता सुटला की काळी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. तिथे अँबीची 15 इंची चाकं (फियाटची 14), दणकट सस्पेन्शन आणि ऐसपैस डिकी कामाला यायची. गाडी बंद पडली तरी आतली रचना इतकी साधी की तालुक्याचा मिस्त्रीही उघडून बसायचा. पुढे डिझेल अँबी आली, ती हळू होती पण खिशाला परवडायची. म्हणून माझं मत: मुंबईत फियाट, मराठवाड्यात अँबी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही तुलना आपण आज करतोय. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला निवड होती कुठे? लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, आयात जवळजवळ बंद, आणि पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचा. जी आधी मिळेल ती आपली! अँबीचे मार्क 2, 3, 4 आले. बदललं काय, तर मुख्यतः पुढची जाळी. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन नंबर वाढला, कोड तोच. स्पर्धाच नाही तर सुधारणार कोण? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि दोघींचं पितळ उघडं पडलं.

फियाटचं उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं, अँबेसेडरचं मे 2014 मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आज जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, 120 च्या वेगमर्यादेचा. तिथे या दोघी धापा टाकतील.

तरी एक मान्य करावंच लागेल. खराब रस्त्यांवर, जेमतेम सोयींत, या दोन गाड्यांनी डॉक्टर, व्यापारी, साहेब, वऱ्हाडी सगळ्यांना वाहून नेलं. आठवण जरूर काढा. फक्त त्या आठवणीत ती वेटिंग लिस्टही असू द्या.