बालहृदय-शस्त्रक्रिया पथक

बालहृदय-शस्त्रक्रिया पथक : जन्मजात हृद्‌विकार असलेल्या बालकाचे निदान, त्याच्यावरील शस्त्रक्रिया व नंतरची शुश्रूषा ही कामे परस्परांच्या साहाय्याने करणारा रुग्णालयातील तज्ञांचा व कर्मचाऱ्यांचा गट. त्यात बालहृद्‌रोगतज्ञ, शस्त्रक्रियाविशारद, भूलतज्ञ, हृदय-फुप्फुस यंत्र चालविणारे तंत्रज्ञ, अतिदक्षता विभागातील वैद्य व परिचारिका यांचा समावेश होतो. हृदयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियाविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. बालकांच्या बाबतीत मात्र तो मुख्यतः एकत्रित कामाचा इतिहास आहे.

गर्भावस्थेत महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांना जोडणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. ती उघडी राहिलेल्या ७ वर्षांच्या एका मुलीवर रॉबर्ट ग्रॉस यांनी बॉस्टन येथे २६ ऑगस्ट १९३८ रोजी शस्त्रक्रिया करून वाहिनी बांधली. हेलन टॉसिग (१८९८–१९८६) या बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालकांचा हृद्‌रोग-विभाग सांभाळीत होत्या. श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे त्या हृदयाची स्पंदने हातांच्या स्पर्शाने जाणून घेत. ‘फॅलो चतुष्क’ या विकारात फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही व बालकाचे ओठ आणि नखे निळी पडतात. अशा बालकांची प्रकृती ती वाहिनी बंद झाल्यावर अधिक ढासळते, असे टॉसिग यांना आढळले. तेव्हा ही वाहिनी कृत्रिम रीतीने निर्माण करावी, अशी कल्पना त्यांनी ग्रॉस यांच्यापुढे मांडली. परंतु त्यांनी ती स्वीकारली नाही.

पुढे हॉपकिन्समधील शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख ॲल्फ्रेड ब्लेलॉक (१८९९–१९६४) यांनी हे काम हाती घेतले. त्याची प्रायोगिक बाजू मुख्यतः व्हिव्हियन थॉमस (१९१०–८५) यांनी उभी केली. थॉमस हे कृष्णवर्णीय व व्यवसायाने सुतार होते. बँक बुडाल्याने शिक्षणासाठी साठविलेले पैसे गेले आणि वैद्य होण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. १९३० पासून ते ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. पण प्रारंभी त्यांची नोकरीतील श्रेणी सफाई-कामगाराची होती. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी रोहिण्या जोडण्याची पद्धत बसविली आणि लहान वाहिन्यांसाठी सुया व चिमटे यांत आवश्यक ते बदल केले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी सु. १५ महिन्यांच्या व जेमतेम ४ किग्रॅ. वजनाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी एक रोहिणी फुप्फुस रोहिणीला जोडण्यात आली. विल्यम लाँगमायर व डेंटन कूली हे साहाय्यक, मेरेल हार्मेल हे भूलतज्ञ आणि शार्लट मिचेल या परिचारिका होत्या. टॉसिग मुलीच्या उशाशी होत्या. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस त्यांना प्रत्येक टाक्याविषयी सूचना देत होते. मुलगी या शस्त्रक्रियेतून बचावली. मात्र काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती दगावली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ६ वर्षांच्या तिसऱ्या रुग्णाचे ओठ शस्त्रक्रिया-मेजावरच गुलाबी झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधावर ब्लेलॉक व टॉसिग यांची नावे होती, थॉमस यांचे नव्हते. १९७६ मध्ये विद्यापीठाने थॉमस यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. या शस्त्रक्रियेला आता पुष्कळ ठिकाणी ‘ब्लेलॉक–थॉमस–टॉसिग’ असे तिन्ही नावांनी संबोधिले जाते.

या शस्त्रक्रियेने मूळ दोष दूर होत नसे. त्यासाठी हृदय उघडणे आवश्यक होते. वॉल्टन लिलेहाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात मार्च १९५४ पासून बालकाचे रक्ताभिसरण दुसऱ्या व्यक्तीच्या, बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या, अभिसरणाला जोडून ४५ शस्त्रक्रिया केल्या. एकाच दालनात दोन जिवांची जबाबदारी आल्याने पथकाचा विस्तार झाला. १९५५ नंतर हृदय-फुप्फुस यंत्र प्रचारात आले आणि ते चालविणारा तंत्रज्ञ पथकाचा अविभाज्य घटक ठरला. शस्त्रक्रिया अधिकाधिक लहान अर्भकांवर होऊ लागल्या, तसतसे अतिदक्षता विभागाचे महत्त्व वाढले. अर्भकाच्या शरीरातील रक्त इतके थोडे असते की, काही चमचे रक्तस्रावही धोकादायक ठरू शकतो. त्यामुळे श्वसन, लघवीचे प्रमाण व त्वचेचा रंग यांतील फरक प्रथम टिपणारी परिचारिका ही उपचारातील साहाय्यकच नव्हे, तर निर्णयाचा आधार असते.

हा सहकार तुटल्यास काय घडते, हे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे दिसून आले. तेथील रॉयल इन्फर्मरीत १९९१–९५ या काळात एक वर्षाखालील मुलांपैकी अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अधिक मुले दगावली, असा निष्कर्ष इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने २००१ मध्ये काढला. बालहृद्‌रोगतज्ञ एका इमारतीत व उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया दुसऱ्या इमारतीत, अशी तेथील रचना होती. कर्मचाऱ्यांच्या कळकळीविषयी अहवालाने शंका घेतली नाही; परस्परसंपर्क, नेतृत्व व सांघिक काम यांतील उणिवांवर मात्र ठपका ठेवला. एका भूलतज्ञाने आधीच व्यक्त केलेल्या चिंतेकडे वेळीच लक्ष दिले गेले नव्हते.

यानंतर पथकाची कार्यपद्धती हाच अभ्यासाचा विषय झाला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने मोटार-शर्यतीतील पथकांचे निरीक्षण करून, शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात बालक सोपविताना कोणी केव्हा काय करावे व बोलावे, याचा क्रम ठरविला. त्यामुळे चुका व माहितीतील त्रुटी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. १९४४ मध्ये स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाची सूचना प्रमुख शस्त्रक्रियाविशारदाने ऐकली. अधिकाराने कनिष्ठ असलेल्याचे योग्य वेळी ऐकले जाणे, हीच अशा पथकाची खरी कसोटी होय.